कोसल सुत्त : एका जुन्या पाठाचे फेरवाचन

आपल्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना मी एकवीस वर्षे पाली शिकवली. पाठ्यपुस्तकातील धडे संपले की पावसाळ्याच्या अखेरीस दोन तास मी अंगुत्तर निकायाच्या पञ्चक निपातातील कोसल सुत्तासाठी राखून ठेवीत असे. सुत्त लहान आहे, भाषा सोपी आहे आणि त्यातील विभक्तिरूपे परीक्षेला उपयोगी पडतात, असे कारण मी देत असे. माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना ते तास आठवत असतील. राजा पसेनदी श्रावस्तीच्या जेतवनात भगवंतांजवळ बसला असता एक माणूस येतो, राजाच्या कानाशी वाकतो आणि राणी मल्लिका निवर्तल्याचे सांगतो. राजा खिन्न होतो. भगवान त्याला उपदेश करतात. त्या उपदेशातील पाच बाबी मी फळ्यावर लिहीत असे, मुले त्या वहीत उतरवून घेत आणि घंटा होई.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने याच पाठावर अभ्यासलेख मागितला तेव्हा जुन्या टिपणांची वही मी बाहेर काढली. ती जशीच्या तशी छापावयास देता आली असती. परंतु मागील वर्षावासात माझी पत्नी गेली. अठरा वर्षे तिने आपल्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून काम केले. तुम्ही सर्व तिला 'बाई' म्हणत होता. त्या दिवशी दुपारी मी तालुक्याच्या गावी विहारातील एका बैठकीत बसलो होतो. एक कार्यकर्ता आत आला आणि माझ्या कानाशी वाकला. आजार नव्हता, अंथरूण नव्हते, निरोपाचे बोलणे नव्हते. त्यामुळे हा पाठ मला पुन्हा वाचावा लागला आणि वाचताना असे ध्यानात आले की इतकी वर्षे मी तो अर्धाच शिकवीत होतो. ती उणीव भरून काढणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिली उणीव मल्लिकेविषयीची. वर्गात मी तिची ओळख 'कोसलनरेशाची राणी' एवढ्या एका ओळीत करून देत असे. वास्तविक ती कोण होती हे कळल्याशिवाय राजाच्या दुःखाचे वजन कळत नाही. अट्ठकथेनुसार ती श्रावस्तीच्या प्रमुख माळाकाराची मुलगी. फुलांच्या बागेकडे निघालेल्या या मुलीने वाटेत तथागतांना आपली शिदोरी अर्पण केली, आणि त्याच दिवशी अजातशत्रूकडून पराभूत होऊन आलेल्या पसेनदीच्या घोड्याचा लगाम तिने धरला, अशी कथा आहे. पराभवाच्या दिवशी भेटलेली ही स्त्री पुढे त्याची राणी झाली, पण राजाच्या मताला मान डोलावणारी ती कधीच नव्हती. संयुत्त निकायात एक प्रसंग आहे. प्रासादाच्या गच्चीवर राजा तिला विचारतो की, तुला स्वतःपेक्षा अधिक प्रिय असे कोणी आहे काय? राजाला कोणते उत्तर हवे होते हे आपण ओळखू शकतो. मल्लिका सरळ सांगते की स्वतःहून अधिक प्रिय असे कोणी नाही, आणि तोच प्रश्न त्याला उलट विचारते. राजालाही तेच कबूल करावे लागते. हे संभाषण त्याने भगवंतांच्या कानी घातले तेव्हा त्यांनी तिला दोष दिला नाही. उलट ज्याला स्वतःचा जीव प्रिय आहे त्याने दुसऱ्याला इजा करू नये, असा धम्म त्यातूनच सांगितला. तिला मुलगी झाली तेव्हा राजाचे तोंड उतरले होते. त्या वेळी मुलगी ही मुलाहूनही श्रेष्ठ ठरू शकते, हे भगवंतांनी त्याला समजावले, तेही याच निकायात आहे. त्याच निकायात अन्यत्र गृहस्थाचा परम सखा कोण, या प्रश्नाला 'भार्या' असे उत्तर आहे. सुजाता सुत्तात पत्नींचे जे सात प्रकार सांगितले आहेत त्यांतही 'सखी' हा एक स्वतंत्र प्रकार आहे. वयाने मोठी झालेली मुले हे वाचतील म्हणून मुद्दाम नमूद करतो, की अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत पतिपत्नींच्या नात्यासाठी मैत्रीचा शब्द वापरलेला आहे आणि आपल्या लग्नपत्रिकांतून तो अजूनही क्वचितच दिसतो.

मल्लिकेच्या मृत्यूचे सुत्त वाचण्याआधी मज्झिम निकायातील पियजातिक सुत्त वाचले पाहिजे. दोन्ही सुत्ते संगीतिकारांनी जोडलेली नाहीत. शेजारी ठेवून वाचण्याची सूचना माझी. एका गृहस्थाचा एकुलता मुलगा मरतो. तो स्मशानात जाऊन आक्रोश करीत असतो. भगवान त्याला सांगतात की शोक हा प्रियजनांपासूनच उत्पन्न होतो. गृहस्थाला हे पटत नाही. प्रियजनांपासून आनंद होतो असे म्हणून तो रागाने निघून जातो, आणि वाटेत भेटलेले जुगारी त्याच्या म्हणण्याला दुजोरा देतात. गोष्ट राजवाड्यापर्यंत पोहोचते. राजा मल्लिकेला टोमणा मारतो की, तुझे श्रमण गोतम असे म्हणाले आहेत! मल्लिका म्हणते की ते म्हणाले असतील तर तसेच असेल. राजा चिडतो आणि तिला समोरून चालती हो म्हणतो. संसार केलेल्या कोणालाही हा प्रसंग अपरिचित वाटणार नाही. मल्लिका मात्र भांडत बसत नाही. नालिजंघ नावाच्या ब्राह्मणाला पाठवून ती भगवंतांच्या बोलण्याची खातरजमा करून घेते आणि मग राजाला एकेक प्रश्न विचारते. राजकन्या वजिरी तुम्हाला प्रिय आहे ना? तिचे काही बरेवाईट झाले तर तुम्हाला शोक होईल की नाही? राणी वासभेचे? सेनापती विडूडभाचे? आणि मग ती विचारते, माझे? राजाचे उत्तर प्रत्येक वेळी सारखेच असते. तुझे काही झाले तर माझे जीवनच पालटून जाईल, मग शोक कसा होणार नाही, अशा आशयाचे ते उत्तर आहे. एवढे बोलून झाल्यावर त्याला भगवंतांचे म्हणणे पटते आणि आसनावरून उठून तो त्यांना वंदन करतो.

राजाला मान्य झाले होते ते बुद्धीने. पुढे जेतवनात तो निरोप कानावर आला तेव्हा काय घडले, हे कोसल सुत्त फार थोड्या शब्दांत सांगते. राजा दुःखी व उदास झाला, त्याचे खांदे खाली आले, मान खाली गेली, तो विचारात बुडाला आणि त्याला काही सुचेना. पालीतील 'पत्तक्खन्ध', 'अधोमुख', 'पज्झायन्त', 'अप्पटिभान' हे शब्द मी मुलांकडून पाठ करून घेतले होते. एक गोष्ट मात्र मी कधी सांगितली नाही, कारण ती माझ्याच ध्यानात आली नव्हती. हेच शब्द त्रिपिटकात आणखी एका प्रकारच्या माणसासाठी येतात. वादविवादात हरलेल्या, भगवंतांच्या प्रश्नाला उत्तर न सुचलेल्या सच्चकासारख्या वादपटूसाठी ते योजलेले आहेत. दुःखाने खचलेल्या माणसाची आणि निरुत्तर झालेल्या माणसाची बसण्याची रीत एकच असते, असे संगीतिकारांना दिसले असले पाहिजे. मला ते विहारातील सतरंजीवर बसल्या बसल्या कळले. कोणी काही विचारीत होते. प्रश्न ऐकू येत होते, उत्तर मात्र येत नव्हते.

आता भगवंतांच्या उपदेशाकडे येऊ. जरा, व्याधी, मरण, क्षय आणि नाश हे ज्यांचे स्वरूपच आहे त्यांना त्यापासून सूट मिळावी, ही गोष्ट श्रमण, ब्राह्मण, देव, मार, ब्रह्मा यांपैकी कोणालाही साध्य होणारी नाही. ही ती फळ्यावरची पाच स्थाने. अडाणी माणसाच्या आणि सुज्ञ आर्यश्रावकाच्या वाट्याला घटना एकच येते. घटनेत फरक नाही. फरक एवढाच की सुज्ञ माणूस असा विचार करतो, की हे माझ्या एकट्यावरच आलेले नाही, जिथे जिथे प्राणी येतात-जातात तिथे तिथे हे आहे. पुढे त्याचे कारणही अगदी व्यवहारातले आहे. मी शोकातच राहिलो तर मला अन्न गोड लागणार नाही, शरीर विरूप होईल, कामे पडून राहतील, शत्रूंना आनंद होईल आणि मित्रांना दुःख. यात पाप-पुण्याची, नरकाची किंवा मृताच्या गतीची भीती कुठेही घातलेली नाही. जेवण, शरीर, काम आणि मित्र या चार गोष्टींकडे दुःखी माणसाचे लक्ष वळवले आहे.

मी मात्र या सुत्ताचे सार म्हणून फळ्याच्या तळाशी 'म्हणून शोक करू नये' असे वाक्य लिहून त्याखाली रेघ ओढीत असे. हा विधी-निषेधाचा नियम सुत्तात नाही. भगवंतांनी राजाला खांदे पाडून बसल्याबद्दल बोल लावल्याचे सुत्तात नाही. मल्लिकेचे नाव काढू नकोस असेही ते म्हणाले नाहीत. महापरिनिब्बान सुत्तात आनंद विहाराच्या दाराला धरून रडत उभे होते, तेव्हा भगवंतांनी त्यांना बोलावून घेतले, शोक न करण्यास सांगितले आणि लगेच सर्व भिक्खूंसमोर त्यांच्या मैत्रीपूर्ण सेवेची व गुणांची स्तुती केली. रडणाऱ्या माणसाची मान खाली जाऊ दिली नाही. माझ्या फळ्यावरच्या वाक्यात एवढी जागा नव्हती. अशाच वाक्यांमुळे आपल्या समाजात एक चमत्कारिक रीत पडू पाहत आहे. दारावर आलेली माणसे चप्पल काढता काढता 'सब्बे सङ्खारा' म्हणू लागतात आणि 'आपण बौद्ध आहोत, आपण रडायचे नसते' असे सांगून मोकळी होतात. हेतू चांगला असतो, हे मला ठाऊक आहे. मीही अनेक घरी असेच बोललो आहे. त्या घरांतील माणसांची मी या पानावर क्षमा मागतो.

कोसल सुत्तातील गाथांच्या शेवटी एक भाग आहे, तो मी वेळेअभावी गाळीत असे. जिथे प्रयत्नाने काही साध्य होण्याजोगे आहे तिथे कोणत्याही योग्य मार्गाने प्रयत्न करावा, आणि जे आपल्याला किंवा अन्य कोणालाही मिळण्यासारखे नाही हे निश्चित कळले, तिथे ते सोसून 'आता मी काय करू' असा विचार करावा, असा त्याचा भावार्थ आहे. हे दोन भाग वेगळे करणे फार कठीण असते. त्या दिवशी सकाळी बाईंनी डावा खांदा भरून आल्याचे आणि मळमळत असल्याचे मला सांगितले होते. आदल्या दिवशी तिने कोठीतली तांदळाची पोती हलवून घेतली होती. मला वाटले, त्याचेच दुखणे असेल. पोती उचलत जाऊ नकोस, एवढे बोलून मी गाडी पकडली. हृदयविकाराचा झटका स्त्रियांना छातीत कळ न येताही येऊ शकतो. खांदा, जबडा किंवा पाठ दुखणे, मळमळ, दम लागणे, विनाकारण थकवा ही त्याची लक्षणे असू शकतात, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितले. संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात एका बाणाने विद्ध झालेल्या माणसाला लगोलग दुसरा बाण लागावा असा दाखला आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा आणि दुसरा मनाने तिच्यावर चढवलेल्या आक्रोशाचा. वियोगाला हा दाखला लावण्याचे स्वातंत्र्य मी घेतो. ती गेली हा पहिला बाण. 'मी गाडी पकडली नसती तर' हा दुसरा. तो मी किती रात्री स्वतःच्या हाताने मारून घेतला याची मोजदाद नाही, आणि तो पूर्णपणे निघाला आहे असेही मी म्हणणार नाही. गाथेचा पहिला अर्धा भाग मला इथे उपयोगी पडला. तिच्यापुरते आता काही साध्य होणार नाही, पण इतरांपुरते होण्यासारखे आहे. वसतिगृहातील स्वयंपाकाच्या सर्व मावशींची आणि शिक्षिकांची तपासणी आता दर वर्षी व्हावी असे संस्थेने ठरवले आहे. वाचकांपैकी कोणाच्याही घरात वर सांगितल्यासारखी लक्षणे दिसली, तर कृपया पोत्यांना दोष देऊ नका, दवाखाना गाठा.

पञ्चक निपातात कोसल सुत्ताच्या लगेच पुढे राजा मुंडाचे सुत्त आहे. अजातशत्रूच्या वंशातील हा राजा पाटलिपुत्रात राज्य करीत होता. त्याची प्रिय राणी भद्दा मरण पावली. त्याने स्नान सोडले, अन्न सोडले, राज्यकारभार सोडला आणि तो रात्रंदिवस तिच्या देहापाशी बसून राहिला. मग पियक नावाच्या कोषाध्यक्षाला त्याने आज्ञा केली की देह तेलाने भरलेल्या लोखंडी द्रोणीत ठेवून वर दुसऱ्या द्रोणीचे झाकण घाला, म्हणजे तिला अधिक काळ पाहता येईल. वर्गात या ठिकाणी मुले हसत. मीही हसू देत असे. आता मला हसू येत नाही. बाईंचा मोबाइल मी सहा महिने दर रात्री चार्जिंगला लावीत होतो. त्यावर फोन येणार नव्हता. पडद्यावर तिने लावलेले वसतिगृहाच्या सहलीचे छायाचित्र उजळत असे, तेवढ्यासाठी. माझी तेलाची द्रोणी ती.

या सुत्तात खरा पाहण्याजोगा माणूस पियक आहे. राजाची आज्ञा विचित्र आहे हे त्याला कळत नव्हते असे नाही. परंतु त्याने वाद घातला नाही. सांगितल्याप्रमाणे देह तेलात ठेवला. त्यानंतर तो विचार करू लागला की कोणाच्या सहवासात नेले असता राजाचे हे शोकशल्य निघेल. कुक्कुटारामात नारद भन्ते राहत होते. पियकाने राजाला त्यांचे नाव सांगितले, भेटीची सूचना आगाऊ पाठवली आणि मग राजा रथात बसून गेला. नारदांनी पसेनदीला सांगितलेला तोच धम्म त्याला सांगितला. राजाने या उपदेशाचे नाव विचारले तेव्हा ते 'सोकसल्लहरण', म्हणजे शोकाचा बाण उपटून काढणारा, असे असल्याचे कळले. परत आल्यावर राजाने भद्देच्या देहाचे दहन करून तिचा स्तूप उभारण्यास सांगितले आणि आजपासून आम्ही स्नान करू, जेवू, कामे पाहू, असे जाहीर केले. तेलाची द्रोणी गेली, पण तिच्या जागी काहीच उरले नाही असे झाले नाही, स्तूप आला. जलदान विधी, पुण्यानुमोदन आणि दरवर्षीचा स्मृतिदिन या आपल्या रीतींचा अर्थ मी असाच लावतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने पियकाचे काम केले. मोबाइल बंद करा असे तो एकदाही म्हणाला नाही. दर रविवारी येऊन तो मला विहारापर्यंत चालत नेत असे, वाटेत पिकांविषयी बोलत असे आणि परत आणून सोडीत असे.

शोक हा केवळ अज्ञानी माणसाचा दोष, ही समजूत दूर करण्यासाठी आपल्या समाजाला राजांच्या कथांपर्यंतही जाण्याची गरज नाही. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात माता रमाई गेल्या. चार अपत्यांचे मृत्यू, पतीच्या परदेशी शिक्षणाच्या काळातील दारिद्र्य आणि दीर्घ आजार सोसून त्या गेल्या. तो मृत्यू आकस्मिक नव्हता, तरीही बाबासाहेबांसारखा पहाडासारखा पुरुष त्या आघाताने एकांतात रडला, हे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्यानंतर पाच महिनेही झाले नव्हते तेव्हा, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. दुःख संपले म्हणून काम सुरू झाले, असे मानण्यास आधार नाही. १९४० साली प्रसिद्ध झालेला पाकिस्तानविषयीचा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला, तोही 'रामू' या घरगुती नावाने. पाच वर्षांनंतरही ते नाव त्यांच्या लेखणीपाशी होते. हाही एक स्तूपच.

मैत्रीच्या अंगाने पाहता आणखी एक सुत्त सांगितले पाहिजे. मगधातील नालक गावी सारिपुत्तांचे परिनिर्वाण झाले आणि चुन्द श्रामणेर त्यांचे पात्र व चीवर घेऊन जेतवनात आला. ते पाहून आनंद भगवंतांना म्हणाले की माझे शरीर गुंगी आल्यासारखे झाले आहे, दिशा कळेनाशा झाल्या आहेत, धम्मही सुचत नाही. भगवंतांनी विचारले की सारिपुत्त जाताना तुझे शील, समाधी, प्रज्ञा घेऊन गेला काय? आनंदांनी नाही म्हटले. पण ते मला मार्ग दाखवीत, उत्साह देत, त्याची आठवण येते, असे सांगितले. काही दिवसांनी, मोग्गल्लानांचेही परिनिर्वाण झाल्यावर, गंगाकाठी उक्काचेला येथे शांत बसलेल्या भिक्खुसंघाकडे पाहून स्वतः भगवान म्हणाले की ही परिषद आता मला रिकामी वाटते. तथागतांना शोक नव्हता, हे सुत्तात पुढे स्पष्ट आहे. तरीही रिकामी जागा त्यांना दिसली आणि त्यांनी ती सर्वांसमक्ष बोलून दाखवली. बाईंनी माझे काय नेले आणि काय नेले नाही, याची यादी मी एकदा कागदावर केली. नेले नाही ते बरेच निघाले. परंतु भोजनगृहातील खिडकीजवळची तिची खुर्ची रिकामी आहे, हे म्हणण्यास मला आता संकोच वाटत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाची आई गेली आणि तिसऱ्या दिवशी तो वसतिगृहात परतला. मी त्याला अनित्यतेविषयी चार शब्द सांगण्यास गेलो होतो. बाईंनी मला दारातच थांबवले. त्या त्याच्याजवळ बसून लसूण सोलत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी काही कुड्या त्याच्यापुढे सरकवल्या आणि तोही सोलू लागला. तासभर कोणी काही बोलले नाही. मग तो रडला आणि मग जेवला. तो विद्यार्थी आज हे वाचत असेल तर त्याला ती संध्याकाळ माझ्यापेक्षा अधिक चांगली आठवत असेल.

पाठ संपवताना एका प्रश्नाचे उत्तर देणे राहिले आहे. एका वर्षी नववीतील एका मुलीने विचारले होते, "सर, उपदेश ऐकल्यावर राजा घरी गेला का? जेवला का?" ते सुत्तात नाही, असे सांगून मी पुढच्या गाथेकडे वळलो होतो. राजा मुंड जेवला, हे सुत्तात आहे. पसेनदीविषयी एवढेही लिहिलेले नाही. मी स्वतः त्या रात्री जेवलो नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातील सर्वांत जुन्या मावशींनी भाकरी आणि पिठले ताटात वाढून माझ्यासमोर ठेवले आणि काही न बोलता भिंतीला टेकून बसून राहिल्या. ते ताट मी संपवले. ती मुलगी कुठे असेल तिथे तिने हे उत्तर आपल्या वहीत लिहून घ्यावे.